आंदणाच्या भांड्यांवरील अक्षरे

लगनसराई संपली की पूर्व विदर्भातील घराघरांत एक काम निघते. माळ्यावरची भांडी खाली उतरवायची, चिंच आणि राख लावून घासायची, कल्हईवाला आलाच तर कल्हई करून घ्यायची आणि पुन्हा वर ठेवून द्यायची. गोंदिया तालुक्यातील कामठ्यासारख्या जुन्या गावात ही भांडी खाली आली म्हणजे अंगणात जणू एक वंशावळ मांडली जाते. पाणी भरायचा पितळी गुंड, पीठ मळायचा कोपर, भाजीचा गंज, गडवा, कसांडी. आणि त्या प्रत्येकाच्या गळ्याशी किंवा काठाखाली टिंबाटिंबांनी घातलेले एक नाव. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरे, कुठे नावाखाली लग्नाची तारीख, तर कुठे ‘मामाकडून’ एवढाच एक शब्द.

कामठा हे एका मोठ्या जमीनदारीचे मुख्य ठिकाण होते. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून चालत आलेल्या या जमीनदारीचा चिमणा पटेल हा धनी १८१८ साली इंग्रजांविरुद्ध उठला. त्याचे बंड मोडल्यावर जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. तेव्हाच्या मध्य प्रदेशात १९५१ साली मालगुजारी आणि जमीनदारी हक्कच संपुष्टात आले. शेताबांधाच्या मालकीचे कागद अशा रीतीने तीन-तीनदा बदलले. स्वयंपाकघरातील मालकीचा कागद मात्र धातूचा होता आणि तो कोणत्याही दरबाराने बदलला नाही.

ज्याला इंग्रजी वळणाने ‘मोनोग्राम’ म्हणतात, ती आद्याक्षरांची गुंफलेली खूण युरोपातील घरांमध्ये रुमालांवर, चादरींवर, चांदीच्या चमच्यांवर शतकानुशतके दिसत आली आहे. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने आपल्या नावाची दोन अक्षरे एकात एक बसवून केलेली सही तर त्याच्या चित्रांइतकीच प्रसिद्ध आहे. आपल्याकडे ही हौस राजवाड्यांच्या आणि रेल्वेच्या वाटेने आली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावरच गोंदिया आहे. त्या कंपनीची आद्याक्षरे चिनी मातीच्या बशांवर आणि काट्या-चमच्यांवर उमटलेली असत. परंतु ही आयात झालेली हौस बाजूला ठेवली, तरी मराठी घराला भांड्यावर नाव घालण्यासाठी कोणाकडून धडा घ्यावा लागला नव्हता. त्याची गरज घरातूनच उभी राहिली होती.

ती गरज म्हणजे लग्न. एका घरचे लग्न गावभराच्या भांड्यांवर उभे राहत असे. पंगतीसाठी शेजारपाजाऱ्यांकडून ताटे, वाट्या, गंज, कोपर मागून आणायचे आणि पंगती उठल्यावर ज्याचे त्याला पोचते करायचे. एकाच बाजारातून, एकाच घडणीची घेतलेली पन्नास ताटे एका ढिगात पडल्यावर त्यांतून आपले ताट ओळखायचे कसे? अक्षर वाचता न येणारी गृहिणीदेखील ते ओळखत असे. तिला अक्षराचा उच्चार ठाऊक नसला तरी त्याची आकृती पाठ असे. नावाआधी घातलेले स्वस्तिक, शेवटी काढलेले कमळ किंवा तीन टिंबांचा त्रिकोण यांवरून भांडे कोणाचे ते तिला बरोबर कळे. वाचनाची ही एक वेगळीच शाळा होती.

आणि त्यात एक गंमतही होती. पतीचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, घ्यावेच लागले तर उखाण्यात गुंफून घ्यायचे, असा तो काळ. ते नाव मात्र पाणी भरताना, पीठ मळताना, दूध तापवताना दिवसातून दहा वेळा तिच्या हाताखालून जात असे.

भंडारा-गोंदियाच्या पट्ट्याला पितळेची जवळीक जुनी आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत कामठा भंडारा जिल्ह्यातच होते, आणि भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांचे गाव अशीच होती. शहराचे नावच ‘भाण’, म्हणजे पितळी ताट, या शब्दावरून पडले असे तेथे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिथल्या लोकांना आपल्या गावाचे नाव ताटावरून पडावेसे वाटले, हे पुरेसे बोलके आहे. महाराष्ट्राच्या जैन समाजालाही हा धातू परका नाही. कासार जैन हा तर समाजाचा एक घटकच, ज्याची पिढ्यानपिढ्यांची उपजीविका तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चालत आली.

नाव घालण्याचे काम बहुधा भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवरच होई. हत्यारे थोडीच: एक हलकी हातोडी, दोन-तीन टोकदार छिन्न्या आणि भांडे टेकवायला लाकडी ठोकळा. गिऱ्हाईक कागदाच्या चिटोऱ्यावर नाव लिहून देई. कारागीर ते एकदा वाचून घेई आणि भांडे डाव्या हाताने हळूहळू फिरवत उजव्या हाताने टिंब टिंब ठोकत जाई. गुंडाचा गळा गोल आणि पोट फुगीर असल्यामुळे अक्षरांची ओळ सरळ ठेवणे सोपे नसते. देवनागरीची शिरोरेषा इथे उपयोगी पडे. आधी टिंबांची एक लांब रेघ, मग तिला लोंबणारी अक्षरे. जोडाक्षर आले की कारागिराचा खरा कस लागे. ‘ज्ञ’, ‘क्ष’ आणि ‘श्री’ यांच्या टिंबांवरून कोणाचा हात बसलेला आहे आणि कोण नवखा आहे, ते आजही सांगता येते. कित्येक भांड्यांवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले आहे, वेलांटी उलट्या बाजूला पडली आहे. धातूवर पडलेले टिंब खोडता येत नाही. शुद्धलेखनाच्या अशा चुका घराने निमूटपणे तीन-चार पिढ्या वापरल्या, आणि पुढे पुढे तीच त्या भांड्याची ओळख झाली.

जिथे अक्षरागणिक पैसे घेतले जात, तिथे आद्याक्षरांचा मोह होणे स्वाभाविक होते. वडिलांचे, स्वतःचे आणि आडनावाचे एकेक अक्षर घातले की काम भागे. त्यातही काळाची पावले उमटली आहेत. जुन्या भांड्यांवर ‘रा. ना. जैन’ असे शुद्ध मराठी वळण. इंग्रजी शाळा आल्यावर तेच नाव ‘आर. एन. जैन’ झाले, तेही देवनागरीतच! हातोडीची जागा पुढे विजेवर गुणगुणणाऱ्या यंत्राच्या लेखणीने घेतली. त्याच सुमारास पितळेची जागा स्टीलने घेतली, आणि दुकानदार भांड्याबरोबर नाव फुकट टाकून देऊ लागला. फुकट झाल्यावर नावे लांबली. वराचे, वधूचे, देणाऱ्याचे, तारखेचे असे सगळे स्टीलच्या डब्यावर मावू लागले. अक्षरे मात्र बारीक, घाईची आणि सगळीकडे सारखी झाली. कारागिराचा हात त्यांत शोधून सापडत नाही.

नाव कुठे घालायचे यामागेही अनुभव होता. भांड्याच्या आतली बाजू कल्हईची. तापवलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथलाचा थर चढवायचा म्हणजे तिथले अक्षर बुजणारच. बाहेरच्या पोटावर रोजची राख घासली जाते. तिथले उथळ टिंब पंचवीस-तीस वर्षांत पुसट होते. म्हणून जाणता कारागीर काठाच्या लगेच खाली, गळ्याच्या खोलगट भागात नाव घाली. घासणाऱ्या हाताचा जोर तिथे कमी पोचतो. शंभरी गाठलेल्या गुंडावरचे नाव आज वाचता येते ते यामुळे.

कापडालाही अशीच खूण लागे, आणि तिची शाई जंगलात होती. भंडारा-गोंदियाच्या रानात बिब्ब्याची झाडे आहेत. बिब्ब्याच्या फळाच्या सालीत काळा, दाहक चीक असतो. तो चुन्याबरोबर कापडाला लागला की डाग कायमचा. परीट या चिकानेच कपड्याच्या कोपऱ्यात प्रत्येक घराची खूण घालीत. इंग्रजीत तर या फळाला ‘खूण करण्याचे फळ’ अशाच अर्थाचे नाव पडले. चीक अंगाला लागला तर फोड उठतात, म्हणून काडीच्या टोकाने, जपून काम करावे लागे. उशीच्या अभ्र्यावर रेशमी दोऱ्याने विणलेली आद्याक्षरे रुखवतात मिरवली जात. बिब्ब्याची खूण मात्र धोतराच्या आतल्या काठाला, कोणाला न दिसेल अशी. एक मिरवण्यासाठी, दुसरी परत येण्यासाठी.

आद्याक्षरे जुळवून एक खूण करण्याची कल्पना जैन कुटुंबाला तर रोजच्या जपातून परिचयाची आहे. अरिहंतांचा ‘अ’, अशरीर म्हणजे सिद्ध यांचा ‘अ’, आचार्यांचा ‘आ’, उपाध्यायांचा ‘उ’ आणि मुनींचा ‘म्’ ही पाच अक्षरे संधीने एकत्र आली की ‘ओम्’ होते, असे परंपरा सांगते. ‘अ-सि-आ-उ-सा’ हा मंत्रही पंचपरमेष्ठींच्या आद्याक्षरांचाच. पाच पदे, पाच अक्षरे आणि त्यांतून घडलेले एकच चिन्ह: ही गुंफण अतिशय अर्थगर्भ आहे. मात्र तिच्यात कोणा एका व्यक्तीचे नाव नाही, केवळ पदे आहेत.

व्यक्तींची नावे मंदिरात आली ती दानाच्या निमित्ताने. धातूच्या प्रतिमेच्या पाठीवर, पंचकल्याणकाच्या वेळी प्रतिष्ठित झालेल्या तांब्याच्या यंत्राच्या कडेला बारीक अक्षरांत संवत, तिथी, संघ-गण-गच्छ, भट्टारकांचे नाव आणि मग दात्याचे, त्याच्या पत्नीचे, पुत्रांचे नाव असते. संवत १५४८ च्या वैशाख शुद्ध तृतीयेला जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते असंख्य प्रतिमांची प्रतिष्ठा करविली आणि त्या गावोगावच्या मंदिरांना पाठविल्या. भारतभर, विदर्भातील मंदिरांतही, त्या नावाच्या प्रतिमा आजही पूजेत आहेत. ज्या गावांना ते कधी गेले नसतील, तिथे त्यांचे नाव पाचशे वर्षांहून अधिक काळ अभिषेकाचे पाणी झेलत आहे.

अशा लेखांना इतिहासात मोल आहे हे डॉ. विद्याधर जोहरापुरकर यांनी दाखवून दिले. १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ फार मोठ्या प्रमाणात मूर्तिलेख आणि यंत्रलेख यांवरच उभा आहे. राजांच्या बखरींनी ज्यांची दखल घेतली नाही, अशा व्यापाऱ्यांची, त्यांच्या स्त्रियांची आणि कारंज्यासारख्या पीठांवरील भट्टारकांची साखळी या चार-चार ओळींतून जुळली. मूर्तीमागची ही ओळ आणि गुंडाच्या गळ्यावरची ओळ यांची रचना बरीच सारखी आहे: कोणी, कोणासाठी, केव्हा. फरक एवढाच की पहिलीची नोंद विद्वानांनी घेतली. दुसरी अजून मोडीच्या भावाने विकली जात आहे.

मंदिराच्या भांड्यांवर नाव घालण्याला आणखी एक कारण आहे. देवाला वाहिलेले द्रव्य घरखर्चात वापरायचे नाही, हा दंडक जैन घरात फार कडक. अभिषेकाचा कलश, पूजेचे थाळ, आरतीचे तबक यांवर मंदिराचे नाव असे ते दात्याच्या गौरवाइतकेच या दंडकाच्या रक्षणासाठी. उत्सवाच्या गर्दीत एखादी वाटी चुकून घरी आली तर त्या चार अक्षरांमुळे ती चुलीपर्यंत जात नसे. घरच्या भांड्यावरचे नाव ‘हे माझे’ म्हणते; मंदिराच्या भांड्यावरचे नाव ‘हे तुझे नव्हे’ म्हणते.

‘हे माझे’ म्हणण्याकडे परंपरेने सावधपणे पाहिले आहे, हेही खरे. बाह्य परिग्रहाचे जे दहा प्रकार सांगितले जातात त्यांत क्षेत्र, वास्तू, सोने-नाणे यांच्या बरोबरीने भांडी आणि वस्त्रे हीही आहेत. परिग्रहाचे परिमाण ठरविणाऱ्या श्रावकाला आपल्या घरात भांडी किती, हे मोजावे लागते. नाव घातलेले भांडे मोजायला सोपे, पण सोडायला कठीण. दोन्ही गोष्टी एकाच अक्षरांनी साधल्या आहेत, आणि या विसंगतीचा उलगडा करण्याच्या भरीस कोणतेही घर पडलेले दिसत नाही.

पण या अक्षरांचा सर्वांत गंभीर उपयोग स्त्रीच्या बाजूने होता. आंदणात आलेल्या भांड्यांवर बहुधा तिचे माहेरचे नाव असे, कारण नाव घालायचे ते लग्नाच्या आधी. मग मांडवात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले जाई, आणि पुढच्या सगळ्या कागदांवर, रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत, तेच नाव चाले. जुने नाव शाळेच्या दाखल्यात आणि भांड्यांवर तेवढे उरे. शाळेत न गेलेल्या स्त्रीचे तर भांड्यांवरच. कितीतरी नातवंडांना आजीचे मूळ नाव प्रथम कळले ते तिच्या गडव्यावरून.

ही अक्षरे केवळ आठवणीसाठी नव्हती. भावाभावांची वाटणी होताना, दीर-जावा वेगळ्या निघताना, किंवा दुर्दैवाने स्त्रीला माघारी यावे लागले तर, कोणते भांडे कोणाचे हा प्रश्न उभा राही. घराच्या भांड्यांत मिसळलेले आंदण वेगळे काढायचे तर पुरावा एकच: नाव. पंचांसमोर भांडी मांडली जात आणि नावाप्रमाणे ढीग लागत. ज्या बापाने चार आणे वाचवण्यासाठी नाव घालायचे टाळले, त्याच्या लेकीला त्या वेळी बोलायला जागा उरत नसे.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले की स्त्रीधन हे स्त्रीचेच असते. सासरी ठेवल्याने ते सासरचे होत नाही. त्याच वर्षी हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली नियम आले की वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावी, तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि त्याचे वधूशी नाते लिहावे. ही यादी किती लग्नांत होते, हे लग्नाला जाणारा प्रत्येक जण जाणतो. परंतु दुकानाच्या पायरीवर बसलेला तो कारागीर ‘आत्याकडून सप्रेम भेट’ असे ठोकून, तारीख घालून, किमतीखेरीज बाकीचे सगळे त्याआधी कित्येक वर्षे करीतच होता.

आज हे सगळे वजनावर चालले आहे. घरे लहान झाली, माळे गेले, सिलिंडरच्या शेगडीवर जड पितळी गंज नको झाला, कल्हईवाला मिळेनासा झाला. जुने पितळ देऊन नवे स्टील किंवा नॉनस्टिक घेण्याचा व्यवहार दुकानात दहा मिनिटांत उरकतो. तागडीत नावाला वजन नसते. पितळ भट्टीत जाते आणि दोन-चार पिढ्यांची नावे एकाच रसात वितळतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिनकर गंगाधर केळकरांनी घरगुती दिवे, अडकित्ते, भांडी हयातभर गोळा करून ठेवली. अहमदाबादला सुरेंद्र पटेल यांनी १९८१ साली केवळ भांड्यांचे ‘विचार’ हे संग्रहालय उभे केले. पण संग्रहालय घडणीसाठी भांडे निवडते. साध्या घडणीच्या, बाजारी गुंडाला तिथे जागा मिळणे कठीण, आणि आजीचे नाव बहुधा अशाच गुंडावर असते.

भांडे ठेवणे शक्य नसेल तर निदान अक्षरे ठेवता येतात, आणि त्याला खर्च नाही. भांडे कोरडे पुसून नावावर पातळ कागद ताणून धरावा आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासावी. टिंबे पांढरी उमटतात आणि डोळ्यांना न लागणारे नावही वाचता येते. मोबाइलवर छायाचित्र घ्यायचे तर समोरून प्रकाश न टाकता बाजूने, तिरपा टाकावा, म्हणजे प्रत्येक टिंबाला सावली पडते. ठशाखाली भांड्याचा प्रकार, कोणाच्या लग्नातले, कोणी दिले, एवढे लिहून ठेवले की घरातील थोरांना विचारायला निमित्तही मिळते. एकेका आद्याक्षराचा अर्थ सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि ‘ना.’ म्हणजे नारायण की नाभिराज, हे त्यांच्यानंतर कोणीच सांगू शकणार नाही.

काही भांड्यांवर दोन नावे आढळतात. मोडीत आलेला चांगला गुंड दुकानदार भट्टीत न घालता पुन्हा विकतो. घेणारा आपले नाव घालून घेतो. जुने नाव घासून काढायचे तर पत्रा पातळ होतो, म्हणून ते तसेच राहते. एखाद्या गळ्यावर मग वर एका अनोळखी स्त्रीचे, बहुधा माहेरचे, नाव असते, आणि त्याखाली बोटभर अंतर सोडून, वेगळ्या हाताच्या टिंबांत, आपल्या घराचे.